ही शेवटची, नंदू

सुधीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावरच चिडून बसलो होतो. शुक्रवारी त्याने माझ्या लॅपटॉपवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली होती आणि तेव्हापासून प्रिंटर ढिम्म हलत नव्हता. इथे आखातात, कुरुमच्या ऑफिसातून त्याला चार शब्द सुनवावेत म्हणून मोबाइल हातात घेतला, तर त्याच्याच नंबरवरून फोन. बोलत होत्या वैशालीवहिनी, त्याची बायको. "भावजी, हे गेले हो... हार्ट अटॅक." तोंडाशी आलेले ते चार शब्द तसेच राहिले.

अल अमेरातला आम्ही एकाच इमारतीत राहायचो. शुक्रवारच्या सुटीत लोक समुद्रावर जायचे, हा लॅपटॉप पुसायला बसायचा. लिनक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या म्हणे शेकडो तऱ्हा असतात, आणि बहुतेक फुकट. तिथेच सगळं बिघडलं. गेल्या आठवड्यात जिच्या कौतुकाने आमचे कान किटवले, ती या आठवड्यात त्याला 'जड' वाटायची. मग पुन्हा सगळं पुसा, नवी टाका, रंग बदला, अक्षरं बदला. सगळं मनासारखं जुळलं की याचा चेहरा पडायचा. "अरे, त्यावर काम कधी करणार तू?" मी एकदा ओरडलोच. "काम ऑफिसात करतो की," तो शांतपणे म्हणाला. "ही शेवटची, नंदू. खलास." अशा शेवटच्या मी किती पाहिल्या...

पुण्याहून त्याचं दिवसकार्य उरकून परतल्यावर वहिनींनी त्याचा लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "आमची सानिका लहान असतानाचे फोटो तेवढे काढून द्या. यांनी तिला कडेवर घेतलेले. सगळे यातच आहेत." उघडला, तर आत नवी कोरी सिस्टीम, जुनं सगळं पुसलेलं, आणि पडद्यावर कुठल्याशा डोंगराचं चित्र. बॅकअपची डिस्क लावली. तिच्यावरही पठ्ठ्याने आणखी एक सिस्टीम टाकून पाहिलेली! कॉम्प्युटरच्या दुकानदाराने दोन्ही चार दिवस ठेवून घेतली आणि शेवटी काहीच परत मिळणार नाही म्हणाला. आम्हा सगळ्यांचे फोटो दोन-दोन ठिकाणी जपून ठेवणारा हा माणूस. गेलेल्या माणसावर रागावू नये, कळतं मला. तरी मी रागावलो, अजून रागावलेलाच आहे. "एकसुद्धा नाही?" वहिनींनी विचारलं. मी नाही म्हटलं.

माझा लॅपटॉप अजून तसाच आहे, प्रिंटरही बंदच. "बाबा, फॉरमॅट करून टाकू या ना, इट्स सो स्लो," माझी लेक रोज म्हणते. मी हात लावू देत नाही. परवा वहिनी निरोप घ्यायला आल्या होत्या, कायमच्या पुण्याला निघाल्यात. त्यांचं तिकीट पाहायला मी माझा लॅपटॉप चालू केला. सुरू होताना सुधीरने घालून ठेवलेली एक ओळ काळ्या पडद्यावर येते, तशी ती आली: 'नंदू, चिडू नकोस. चहा टाक, तोवर होतोय.' वहिनींनी ती वाचली. मग पडदा उजळला आणि ओळ गेली.

तिकिटाचं त्यांनी विचारलंच नाही.

"भावजी," त्या म्हणाल्या, "परत एकदा बंद करून चालू करा ना."