एकाच जागेचे दोन फोटो

सूक्ष्मदर्शकापुढं वीस वर्षं काढली की माणसाला आपल्या नजरेचा माज चढतो. मला तर चांगलाच चढला होता.

नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत हदगावकडच्या एका बाईच्या किडनीचा बारीक तुकडा तपासायला आला. तिच्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या आणि ही आपली एक द्यायला निघालेली. लघवीत रक्तपेशी सापडल्या म्हणून आधी खात्री करून घ्यायची होती. मी काचपट्टी पाहिली. सगळं जागच्या जागी. "ठणठणीत आहे," मी सांगून मोकळा झालो. तुकड्याचा थोडा भाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी हैदराबादला धाडायचा नियम होता, तो कुरकुरत पाळला.

तिकडून दोन फोटो आले. पहिला साध्या सूक्ष्मदर्शकातला, रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांचा निळा रंगवलेला गुंता. त्याच्या कडेला एक चौकट आखलेली. दुसरा फोटो त्या चौकटीतल्याच जागेचा, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं हजारो पटींनी मोठा केलेला. पहिल्यात मला अजूनही खोट काढता येईना. दुसऱ्यात मात्र गाळणीचा पडदा कुठं पातळ झालेला, कुठं चिरफाळलेला. दोन्ही शेजारी ठेवून मी कितीतरी वेळ पाहत राहिलो. लाज वाटली आणि भीतीही. तो भाग धाडलाच नसता तर? भावाचा आनुवंशिक आजार बहिणीतही होता. तिला किडनी देता येणार नव्हती.

तिला मीच सांगितलं. ती रडली नाही.

"भावाला काय सांगू, डॉक्टरसाहेब? सासरचे पैल्यापासून नको म्हणून राहिले. त्याला वाटंल, अक्का फिरली."

मग दोघांना समोर बसवलं. एरवी मी 'तुम्हाला नाही कळायचं' म्हणून लोकांना वाटेला लावतो. त्या दिवशी फोटो टेबलावर मांडले, चौकटीवर बोट ठेवलं आणि सगळं दोनदा समजावलं. भाऊ डायलिसिसहून थेट आलेला, हाताला पट्टी. बहीण त्याच्याकडं बघायला तयार नव्हती.

तो फोटोवर वाकला. "म्हंजी हे अक्काच्या किडनीत बी हाय?"

"हो."

"माझ्यावानी?"

"अजून सुरुवात आहे."

तो माझ्यावरच खेकसला, "मंग मला फोटू काय दाखवून राहिलात? तिला आधी दवा सुरू करा की!"