सल्ला बाहेरून द्यावा

मोंटानातल्या त्या गावात ऑर्विल हाउगन चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त करत होता. दुकानात ठळक पाटी होती : ‘सल्ला द्यायचा असेल तर बाहेर उभं राहून द्यावा.’ त्यामुळे त्याला कुणी शहाणपण शिकवत नसे.

पण लोरेटा नावाच्या गिऱ्हाइकाच्या रायफलीने त्याला तीन दिवस रडवलं. नळीच्या तोंडावरचं, गोळी सुटताना ज्वाळा लपवणारं टोपण तिला काढून हवं होतं. घोड्यावर जाताना ते खोगिराच्या म्यानात अडकायचं. ऑर्विलने पाना लावला, त्यावर अंग टाकलं, गॅसच्या ज्योतीने टोपण तापवता तापवता बोटं भाजून घेतली. ते तसूभरही हललं नाही.

“कुठल्या गाढवाने हा डिंक लावलाय?”

“माझ्या डेलने,” लोरेटा म्हणाली. डेल म्हणजे तिचा वारलेला नवरा.

“देव त्याला शांती देवो, पण गाढवच होता! ने ही तुझी रायफल. आगीत घातली तरी हे निघायचं नाही!”

“आगीने नाहीच निघत.”

ऑर्विलचा हात थांबला. “म्हणजे? तुला ठाऊक होतं? मग तीन दिवस तोंडात काय धरून बसली होतीस?”

लोरेटाने पाटीकडे पाहिलं. शांतपणे कोट चढवला, टोपी घातली, बर्फात बाहेर गेली आणि दार नीट लावून घेतलं. मग खिडकीची काच ठोठावून ओरडली,

“रात्रभर पाण्यात भिजव, गाढवा!”