धाकटा पुढे, थोरला मागे

मास्तरीणबाईंनी एकोणतीस वर्षं बॅटरी धरली. लग्न ठरवताना मुलाचं स्वतःचं गॅरेज आहे एवढंच सांगितलं होतं. बॅटरी धरावी लागेल हे कुणी बोललं नव्हतं.

त्यांचे यजमान ब्रेकमास्तर. फक्त ब्रेकचं काम करायचे. इंजिनाविषयी त्यांना काडीचा आदर नव्हता. "पळवतं काय, कुणीही पळवतं. थांबवून दाखवा," असं ते म्हणत, आणि एकदा बोलायला लागले की स्वतः मात्र थांबत नसत. त्यांच्या हाताखाली कुणी टिकलं नाही, कारण उजेड बोटभर हलला तरी त्यांचा पारा चढे. बाईंचा हात हलत नसे. म्हणून चाकाजवळच्या स्टुलावर त्या बसत, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात चहा. पान्याला हात लावायची मुभा नव्हती. "तुझं काम उजेडाचं," मास्तर सांगत.

मास्तरांचे नियम दोन. प्रत्येक चाकाच्या ड्रममध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्यात, त्याला आतून दाबून थांबवणारे दोन लायनर असतात, एकाचं अस्तर आखूड, दुसऱ्याचं लांब. आखूड तो धाकटा, त्यानं गाडीच्या नाकाकडे बसायचं. लांब तो थोरला, त्यानं मागे. "रस्त्यानं पोरं कशी न्यावीत? धाकटा पुढे, डोळ्यांसमोर. थोरला मागे." उलटे बसवले तर ब्रेक अर्धवट लागतो आणि गाडी भलतीकडे ओढते. हे चुकलेल्या सगळ्या मेकॅनिकांची यादी मास्तरांना तोंडपाठ होती आणि ती ते आल्यागेल्याला ऐकवत.

दुसरा नियम असा, की ब्रेक ज्यानं बसवले त्यानं गाडीसमोर उभं राहायचं. गॅरेजच्या अंगणात चुन्याची रेघ होती. मास्तर तिच्यावर गाडीकडे पाठ करून चहा पीत उभे राहत आणि गाडीचे मालक भरधाव येऊन ब्रेक दाबत. आजवर चहाचा थेंब सांडला नव्हता.

तर पलीकडच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांनी हॉट रॉड बांधायला घेतली. म्हणजे आजोबांच्या वयाची गाडी आणायची आणि तिच्यात ट्रकला शोभेल असं इंजिन घालायचं. इंजिन बॉनेटखाली मावेना, तेव्हा डॉक्टरांनी बॉनेटच काढून टाकलं. उपटायची सवय, दुसरं काय! ब्रेकचं सामान त्यांनी भंगारातून गोळा केलं होतं. ड्रम टपालाच्या गाडीचे, ड्रममागच्या प्लेटा टॅक्सीच्या, लायनर तिसऱ्याच कुठल्या तरी गाडीचे, आणि स्प्रिंगा कुणाच्या ते देव जाणे. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. मास्तर इतके खूश झाले की त्या दिवशी ते बाईंवर एकदाही ओरडले नाहीत.

अकरा दिवस काम चाललं. ड्रमची गोलाई मोठी, लायनरची लहान, त्यामुळे लायनर नुसता मधेच टेकायचा. मास्तर ड्रमला आतून खडू फासत, बसवून फिरवत, पुन्हा काढत. लायनरवर जिथे पांढरं लागलं असेल तेवढंच कानशीनं घासायचं, की परत खडू. सगळा लायनर पांढरा होईपर्यंत हेच.

तीन चाकं झाली. चौथं होतं पुढचं डावं. ह्या विजोड सामानात थोरला धाकट्यापेक्षा जेमतेम दोन बोटं लांब होता, आणि मास्तर वर्षभर वर्तमानपत्र हातभर लांब धरून छपाई बिघडल्याची तक्रार करत होते. त्यांनी थोरला पुढे बसवला.

बाईंना दिसलं. आधी वाटलं, सामानच विचित्र आहे, असेल काही कारण. पण मास्तरांनी लायनरवरून बोट फिरवलं, "धाकटा पुढे," असं पुटपुटत मान डोलावली आणि ड्रम चढवला. म्हणजे मास्तरांना दिसलंच नव्हतं. डॉक्टर शेजारीच उभे होते. बोलावं, तर चुकलेल्यांच्या यादीत मास्तरांचंच नाव जाणार. गप्प राहावं, तर तो माणूस आता पाठ करून उभा राहणार.

डॉक्टर गाडी अंगणाच्या टोकाला घेऊन गेले. मास्तर चहा घेऊन रेघेकडे निघाले. बाईंनी बॅटरी खाली ठेवली, त्यांच्या हातातला कप काढून घेतला आणि रेघेवर जाऊन पाठ केली.

"आज मी उभी राहते."

"अगं, तू कशाला? ब्रेक मी बसवलेत."

"बॅटरी मी धरलीय. अर्धं काम माझंच."

"वेड लागलंय का? बाजूला हो."

"का? लागणार नाहीत का ब्रेक?"

तिकडे इंजिन गरजलं. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग बाईंच्या पिकलेल्या अंबाड्याकडे. एकोणतीस वर्षांत त्यांना ब्रेकची भीती वाटली नव्हती. आता वाटली.

"डॉक्टर, बंद करा! चाकं एकदा बघतो."

"अहो, आत्ताच तर बघितलीत."

"आता परत बघतो."

बाई रेघेवरून हलल्या नाहीत. गाडी परत आली, जॅक लागला, एकेक ड्रम निघाल्याचा आवाज झाला. चौथ्या ड्रमखालचे दोन्ही लायनर मास्तरांनी आता वीत लावून मोजले.

"अगं, बॅटरी आण."

त्यांनी नेली. मास्तरांनी ती आपल्या हातात घेतली आणि पाना बाईंपुढे धरला.

"तुला कधी दिसलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"बसवलात तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"माझं काम उजेडाचं."

बाईंनी स्प्रिंगा सोडवल्या, धाकट्याला पुढे आणलं, थोरल्याला मागे धाडलं. मधेच त्या म्हणाल्या, "अहो, उजेड हलतोय." मास्तरांनी दुसरा हातही बॅटरीला लावला.

चौथं चाक बाईंनी बसवलं, तेव्हा नियमाप्रमाणे रेघेवर दोघांनाही उभं राहणं आलं. बाई पाठ करून निवांत चहा पीत होत्या. मास्तर गाडीकडे तोंड करून उभे होते, आणि ती दोन हातांवर येऊन थांबेपर्यंत त्यांनी बाईंचं मनगट सोडलं नाही.