पितळी पान्याची पूजा

"अरे, पाण्यातून गॅस काढतात!" अंबरनाथच्या नव्या कारखान्यात लागल्यापासून सदू आमच्या चामटोली गावात दिसेल त्याला हेच सांगत सुटला होता. साल १९८९. पाण्यातून वीज सोडायची, हायड्रोजन निघतो, तो सिलिंडरात भरून वनस्पती तुपाच्या कारखान्यांना पाठवायचा. मीही त्याच्याबरोबरच लागलो, पण भाषणं द्यायचा तो.

सदू आधी वीटभट्टीवर होता. पाऊस आला की काम बंद. इथे तर मागणी अशी वाढली, की सिलिंडर भरायला, ट्रकवर चढवायला, व्हॉल्व्ह बसवायला रोज नवी माणसं लागत. गावातली पोरं सायकली काढून धावली. काय दिवस होते ते! शेठ म्हणाले, दसऱ्याला एकाला पर्मनंट करणार. सदूने घरी बायकोला, आमच्या द्रौपदीवहिनीला, सांगूनही टाकलं, की तो मीच.

कारखान्यात एक नियम कडक होता. हायड्रोजन ठिणगीनेही भडकतो, म्हणून जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यापलीकडे आग न्यायची नाही. बिडी-काडेपेटी गेटवर ठेवायची, पानासुद्धा पितळी, ठिणगी न उडणारा.

आली खंडेनवमी. शेठ ऑफिसात फोनवर, आणि उल्हासनगरहून आलेल्या त्यांच्या आई, मोतीबाई, पेटलेलं आरतीचं ताट घेऊन थेट मशीनकडे निघाल्या. मालकाच्या आईला अडवणार कोण? सदू धावत जाऊन पट्ट्यावर आडवा उभा राहिला.

"अम्मा, इधरच रुको."

"पूजा का दिया है, बेटा. हट."

"दिया अंदर नहीं जायेगा. भगवान को मैं बाहर लाता है."

"गेली तुझी नोकरी," फोरमन कमळाकर पुटपुटला. सदूने ऐकलं, चेहरा उतरलाही, पण आत जाऊन त्याने पितळी पाना आणला, धुतला आणि गेटबाहेर पाटावर ठेवला. मग म्हातारीने गेटबाहेर येऊन पान्याला कुंकू लावलं, आरती ओवाळली.

एवढ्यात शेठ धावत आले. म्हातारी म्हणाली, "इसको पक्का कर. मेरे को भी रोकता है!"

आम्ही नुसता गलका केला. सदूला खांद्यावर घेतलं.

घरी द्रौपदीवहिनी आनंदाने निरांजन घेऊन दारात आली, तसा हा गडी दोन पावलं मागे सरला.

"थांब गं! आधी कारखान्यातले कपडे बदलतो."