कापायच्या रेषेखाली

मुरबाडच्या छापखान्याने नवं मशीन घेतलं, तेव्हा मालकाने फोनवर मला दोन अटी सांगितल्या. सगळ्या फायली त्याच्याकडच्या फॉन्टमध्ये हव्यात आणि अक्षर पूर्ण काळं हवं. करडं, निळं काही चालणार नाही. आमचा जुना फॉन्ट त्याच्या नव्या कॉम्प्युटरवर नव्हता, त्यामुळे मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटत होता. मी दोन्ही अटी कामाच्या यादीत लिहिल्या आणि पुढच्या कामाला लागले.

माझं टायपिंगचं दुकान शहापूरच्या एसटी स्टँडजवळ होतं. ते मी एका काकूंकडून चालवायला घेतलं होतं. काकू विधवा, मूलबाळ नाही. डोळे अधू झाले तशा त्या मुरबाडला बहिणीकडे जाऊन राहिल्या. पुढे बहीण गेली, भाचे कल्याणला गेले आणि मागच्या खोलीत काकू एकट्याच उरल्या. दुकानात अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका सगळंच होई, पण काकूंचं नाव होतं ते दहाव्याच्या पत्रिकांसाठी. तालुक्यात कुठेही कोणी गेलं की दुसऱ्या दिवशी घरातला कोणीतरी दुकानाच्या पायरीवर उभा राही. बौद्ध घरांतले जलदान विधीच्या पत्रिकेसाठी येत, बाकीचे दशक्रियेच्या.

काकूंनी मला पद्धत शिकवली होती. पत्रिका कोऱ्या पानावर सुरू करायची नाही. आधीची फाईल उघडायची, नव्या नावाने सेव्ह करायची आणि मजकूर बदलायचा. मी तसंच करत आले. आधीच्या माणसाचं नाव खोडायचं, नव्याचं घालायचं. प्रत्येक फाईलच्या शेवटी काही कोरी पानं असत. काकूंची एंटर दाबायची सवय असेल असं समजून मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. छापलेला कागद तसाही खालच्या रेषेवर कापला जाई.

एकेक फाईल हाताने बदलायला महिना गेला असता. म्हणून मी मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरला कामाच्या पायऱ्या एकदा सांगून ठेवायच्या, मग त्या तो स्वतःच पुन्हा पुन्हा करतो. फाईल उघड, सगळा मजकूर निवड, फॉन्ट बदल, रंग काळा कर, सेव्ह कर, बंद कर, पुढची उघड. आधी सगळ्या फायलींची प्रत काढली, प्रतीवर मॅक्रो लावला आणि मी जेवणाचा डबा उघडला.

भर दुपार होती. समोर पडद्यावर पत्रिका आपोआप उघडत होत्या आणि मिटत होत्या. की-बोर्डला कोणाचा हात नव्हता. अक्षराचं वळण बदलताना प्रत्येक पान क्षणभर थरथरल्यासारखं दिसे. भाजीभाकरी खात मी सहज बघत होते आणि एकदम लक्षात आलं की शेवटची पानं आता कोरी नाहीत.

मॅक्रो थांबवला. एक फाईल उघडून खाली गेले. कापायच्या रेषेखाली नावं होती. एकाखाली एक, बारीक अक्षरात. कुठे कैलासवासी, कुठे कालकथित. पुढे गाव आणि तारीख. सापगाव, वाशिंद, कसारा, पुन्हा सापगाव. आधीच्या फाईलमध्ये एक नाव कमी, नंतरच्या फाईलमध्ये एक जास्त. मी घ्यायच्या आधी या दुकानात ज्यांच्या पत्रिका झाल्या, ते सगळे तिथे होते. एवढे दिवस पांढऱ्या अक्षरात पांढऱ्या कागदावर होते, आणि काळा रंग मीच दिला होता.

प्रत्येक फाईलमध्ये सगळ्यात खाली एकच नाव होतं. कैलासवासी, पुढे काकूंचं पूर्ण नाव, गाव शहापूर, तारखेच्या जागी टिंबं.

काकूंनी आदल्याच आठवड्यात माझ्यासाठी करवंदाचं लोणचं पाठवलं होतं.

डबा तसाच झाकला. दुसऱ्या दिवशी किन्हवलीवरून जाणारी एसटी पकडून मुरबाडला गेले. जाताना मनात ठरवलं होतं की ही सगळी पांढरी अक्षरं पुसायची. छापखान्याला स्वच्छ फायली हव्यात आणि मलाही. फक्त एकदा विचारायचं, कारण त्यातलं एक माणूस जिवंत होतं.

काकूंना काहीच नवल वाटलं नाही. तांदूळ निवडता निवडता त्यांनी सांगितलं की पहिली पत्रिका त्यांनी नमुना म्हणून बनवली, गिऱ्हाइकाला दाखवायला. नमुन्याला नाव तर हवं. दुसऱ्या कोणाचं घातलं असतं तर त्या घरच्यांनी दुकान फोडलं असतं. मग स्वतःचं घातलं.

"आणि बाकीची नावं?"

"ती पुसवना. मानूस गेलंच, वरनं आपन त्याचं नाव पन खोडायचं? मंग खाली न्यायची नि पांढरी करायची. कोनाला तरास नाय."

मी म्हटलं, मग तुमचं तरी काढून टाकते, जिवंत माणसाचं नाव असं बरं दिसत नाही. काकूंचा हात सुपात थांबला.

"नमुन्याला जित्याचंच नाव लागतं. मेलेल्याचं घातलं तर ती त्याचीच पत्रिका झाली." मग एक खडा वेचून टाकत म्हणाल्या, "माझी पत्रिका कोन काढनार गो? भाच्यांना माझा दिवस पन ठाऊक व्हायचा नाय. ती एक ओळ तेवढी तयार हाय. बाकीच्यांच्या पत्रिका निघाल्या, त्यांचं झालं. माझी ठेव."

ठेवते, म्हणाले.

"यादीत लिही. यादीत नसलं तर तू जेवायची पन नायस."

मी त्यांच्यासमोर लिहिलं. पुसण्याआधी सगळ्यांना एकदा बघायचं, असं त्या म्हणाल्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे शहापूरला आल्या तेव्हा दुकानात येऊन बसल्या. मी मॅक्रो पुन्हा लावला. प्रत्येक फाईल शेवटच्या पानावर जरा थांबेल असं केलं. काकू खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसल्या. नावं येत होती, जात होती, आणि दर खेपेला तळाशी त्यांचं. बाहेर रिक्षावाला किन्हवलीच्या सीट भरत ओरडत होता.

"केवढ्यांदा मेले गो मी," त्या शेवटी म्हणाल्या. "आता एकदाच राहिलंय."

मग दुसरा मॅक्रो. खालची सगळी नावं पुसायची, शेवटची ओळ ठेवायची आणि तिला पुन्हा पांढरी करायची. माझं बोट बटनावर अडलं. ते काकूंनी पाहिलं.

"तू कुठं पुसतेस? मशीन पुसतंय. मशीनला पाप नाय," त्या म्हणाल्या आणि तोंड रस्त्याकडे फिरवून बसल्या.

त्यानंतर काही वर्षं तालुक्यातली प्रत्येक पत्रिका काकूंची ओळ पोटाशी धरून माझ्या दुकानातून गेली. कोणाला नमुना दाखवायचा असला की नमुन्याच्या फाईलमधली तीच ओळ मी वर आणून काळी करी, मग परत खाली नेई. त्या पत्रिकांतल्या काही मुरबाडला त्यांच्याच दारात पोचत. मी गेले की काकू ती पत्रिका माझ्याकडून वाचून घेत आणि ऐकताना तिच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवत, जिथून कागद कापलेला असे तिथून.

मुरबाडहून काकूंच्या शेजारणीचा फोन आला त्या सकाळी मी यादी न बघता कामाला बसले. नमुन्याची फाईल उघडली, ओळ खालून वर आणली आणि काळी केली. नाव लिहावं लागलं नाही, गाव लिहावं लागलं नाही. टिंबांच्या जागी तारीख घातली. ती तिथे नेमकी बसली. भाच्यांची नावं शेजारणीला विचारून दुःखांकित म्हणून टाकली, त्यांच्याखाली दुकानाचं. दुपारच्या एसटीने मुरबाडला फाईल घेऊन गेले आणि छपाई होईपर्यंत तिथेच उभी राहिले.

आठवड्याभराने सापगावहून एक मुलगा वडिलांच्या पत्रिकेसाठी आला. कशा असतात ते दाखवा, म्हणाला. मी नमुना उघडला आणि थांबले. तिथे काकूंचं नाव होतं, तारखेसकट. ती आता त्यांची पत्रिका होती.

त्याला चहा सांगितला. काकूंची ओळ रेषेखाली नेऊन पांढरी केली. मोकळ्या झालेल्या जागी माझं नाव टाईप केलं, गाव शहापूर, पुढे टिंबं, आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली.