खिडकीतल्या सासूबाई आणि अमेरिकन डिफेंडर

किस्से आपोआप जमतात, ड्रॉवरमध्ये चार्जर जमतात तसे. आयर्लंडमधल्या नास गावातल्या आम्हा मराठी मंडळींकडे मात्र लॉकडाऊनपासून कोडी नावाच्या शेजाऱ्याचेच जास्त आहेत. मी नम्रपणे सांगतो, त्यातले निम्मे माझ्या घरात घडले.

कोडी आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये राहायचा. अमेरिकन, सहा फूट दोन इंच, इथल्या फुटबॉल क्लबचा डिफेंडर. ओळख करून दिली तेव्हा आमच्या आयटीवाल्या खाडिलकरने विचारलं, "ते ठीक आहे, पण नोकरी काय करतोस?"

"हीच."

"परमनंट आहे?"

नव्हती. एका सीझनचा करार, आणि व्हिसा त्या करारावर. करार वाढला नाही तर ओहायोला वडिलांच्या टायरच्या दुकानात. व्हिसा म्हटल्यावर खाडिलकरचा चेहरा एकदम घरच्यासारखा झाला.

*

कोडीचा एकच दोष होता. आपल्या गोलसमोर उभं राहायचं सोडून तो स्वतःच गोल मारायला पुढे पळायचा. क्लबचा मॅनेजर कॉर्क शहरातला, मोजकं बोलणारा. त्याने सांगून टाकलं, "पुन्हा जागा सोडलीस, तर पुढचं वर्ष विसर."

हे ऐकून खाडिलकरने झूमवर कोडीचं मॉक अप्रेझल घेतलं. स्लाइड्ससकट. "पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतोस?"

कोडी म्हणाला, "स्वतःच्या हाफमध्ये."

खाडिलकरने त्याला 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स' दिलं. त्याला स्वतःलाही दरवर्षी तेच मिळतं.

*

मॅचेस प्रेक्षकांविना सुरू झाल्या. पण आमची स्वयंपाकघराची खिडकी थेट मैदानावर उघडते, आणि तिथे माझ्या सासूबाई. नागपूरहून महिनाभरासाठी आल्या, विमानं बंद झाली, अडकल्या. फुटबॉल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. दुसऱ्या मॅचला भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "हा लंबू आपलं घर उघडं टाकून कुठं चालला?"

आणि खिडकी उघडून ओरडल्या, "पोट्ट्या, मांगं ये!"

रिकामं मैदान. आवाज पार पलीकडच्या गोलपर्यंत गेला. कोडी दचकून मागे वळला, आणि नेमका तिथे बॉल आला. त्याने तो उडवून लावला. तेव्हापासून हे दर मॅचला चालू.

*

क्लबचा माणूस मास्क लावून तक्रार घेऊन आला. प्रेक्षकांना परवानगी नाही म्हणे. सासूबाईंनी त्याला दारातच चिवड्याचा डबा दिला. दुसऱ्या दिवशी तो रिकामा डबा परत करायला आला आणि म्हणाला, "शी इज ग्रँड. खिडकी जरा जास्त उघडली तरी चालेल."

*

शेवटच्या मॅचच्या आठवड्यात सासूबाईंना विमान मिळालं. निघताना कोडीला म्हणाल्या, "घर सोडू नको, बापा." कोडीचा चेहरा उतरला. खरं सांगतो, माझाही.

मॅचच्या दिवशी खिडकीत मी आणि खाडिलकर. आपण एका गोलने पुढे, पाचच मिनिटं उरलेली, आणि कोडी निघाला पुढे. मी खिडकीतून ओरडलो, पण माझा आवाज कुंपणापर्यंतही पोचेना. खाडिलकर स्लाइड शोधत होता.

तेवढ्यात बाकावरून मॅनेजर उठला. दोन्ही हात तोंडाशी नेले.

"पोट्ट्या, मांगं ये!"

कोडी वळला, धावला आणि गोलरेषेवरून बॉल बाहेर काढला.

शिट्टी झाल्यावर मॅनेजर आमच्या खिडकीखाली आला. वर बघून म्हणाला, "त्यांना फोन करून सांगा. पोट्ट्या राहतोय."