दसऱ्याचं प्रोक्षण
झेंडूचा वास आला की मला पाठोपाठ जळक्या प्लास्टिकचाही येतो. बऱ्याच वर्षांपूर्वी धाकट्या भावाने मुलुंडला एका गाळ्यात स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिलं मोठं गिऱ्हाईक काम बघायला येणार होतं. ते हातचं गेलं असतं तर कंपनी बंदच. घरातला थोरला म्हणून यंत्रपूजेचा मान माझा. उकाड्यामुळे मुख्य मशीनची, म्हणजे कॉम्प्युटरची, एक बाजू उघडी ठेवलेली. मी हळदकुंकू वाहिलं, हार घातला आणि फुलाने सढळ हाताने पाणी शिंपडलं. फट् झालं, धूर निघाला. "दादा, काय केलंस रे?" "प्रोक्षण," मी म्हणालो. "अरे, सगळं काम ह्यातच आहे!" "कॉपी असेल ना?" "पूजा झाल्यावर काढणार होतो." मग आमच्या हिचा केस वाळवायचा ड्रायर आणून तो दुपारभर मशीनसमोर बसला. मी शेजारी जप करत होतो, तर हात जोडून म्हणाला, "दादा, पाया पडतो, आता देवाला काही सांगू नकोस." मशीन उठलं नाही. गिऱ्हाईक चहा पिऊन गेलं, महिन्याभरात गाळा रिकामा झाला आणि तो दुसऱ्यांच्या कंपनीत नोकरीला लागला. आज तो तिथेच सीईओ आहे. मुलाखतीत हमखास विचारतात, स्वतःची कंपनी का बुडाली? "माझीच तयारी कमी पडली," तो म्हणतो. दर वेळी मी टीव्हीसमोर अंग चोरून बसतो, आता तरी हा माझं नाव घेईल म्हणून. तो घेत नाही.